वाकड्या कानाची शेळी

शेळ्या विकताना म्हादबाने मला फसवले. रुमालाखाली बोटे धरून सौदा ठरला, त्यात एक शेळी फार देखणी होती. बाजाराच्या गर्दीत तिच्याऐवजी त्याने तिची वाकड्या कानाची बहीण माझ्या गळ्यात मारली.

आज सकाळी शेळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या. जंतांनी रक्त शोषलेले, त्यामुळे सगळ्यांच्या आतून पांढऱ्याफटक. वाकडीच्या मात्र डाळिंबासारख्या लाल! तिच्या करडांच्याही तशाच.

डॉक्टर बाकीच्यांना औषध पाजत होते. मी विचारले, "हिला आधीच पाजलंत का?"

"हिला कशाला, अण्णा? जंतांना ओळखून हाकलायची ताकद हिच्या जनुकांतच दिसते. करडांतही उतरलीय."

मला वारशात काही मिळाले नाही. जे आहे ते घासाघीस करून मिळवलेले. आणि ही बया जन्मताच असे काही घेऊन आली, जे कुठल्याच रुमालाखाली मिळत नाही! करडे माझ्या पाठीवर उड्या मारत होती आणि मी मोठमोठ्याने हसत होतो.

राग मात्र गेलेला नाही. म्हादबा, फसवायचेच होते, तर एकाच शेळीत का फसवलेस? जाब दे!