बोलता येत नव्हतं तेव्हाची माझी मतं

"एका श्वासात जितके आकडे मोजता येतील तितके मोजा," डॉक्टर म्हणाले.

मी मोजले. अठरावर दम संपला. डॉक्टरांनी माझ्या मानेकडे पाहिलं, मग माझ्या नवऱ्याकडे, प्रभाकरकडे वळून म्हणाले, "हा गुलेन-बारे सिंड्रोम दिसतो. यांना आताच भरती करू."

हे नाव आम्ही दोघांनी कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी समजावून सांगितलं. विजेच्या तारेवर असतं तसं आपल्या नसांवर आवरण असतं. एखाद्या साध्या आजारानंतर शरीराची रोगप्रतिकारशक्ती चुकून त्या आवरणावरच हल्ला करते. मग मेंदूचा निरोप पायांपर्यंत, हातांपर्यंत पोचत नाही.

"समजा, आपल्याच फौजेनं आपल्याच गावावर गोळ्या झाडल्या," डॉक्टर म्हणाले.

"फौज असं नाई करत, डॉक्टरसाहेब," दाराशी उभा असलेला माझा धाकटा भाऊ विलास म्हणाला.

विलास फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. डॉक्टर ओशाळले. मला हसू आलं, पण ओठाचा डावा कोपरा हललाच नाही. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

हे मी लिहिते आहे ते तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली तर कामी यावं म्हणून. त्यामुळे सुरुवात नीट सांगते. मी कोंढ्याच्या शाळेत विज्ञान शिकवते, राहते पवनीला. आधी दोन दिवस जुलाब झाले, बरेही झाले. पंधराएक दिवसांनी पायांच्या बोटांना मुंग्या आल्या. उभं राहून शिकवल्यानं असेल म्हणून मी तेल लावलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या तीन पायऱ्या चढवेनात. तिसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिताना खडू हातातून पडला, उचलला, परत पडला. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाहिली. पाय उडलाच नाही. ते म्हणाले, "आजच्या आज नागपूर गाठा."

मुंग्या पायांकडून वर चढत असतील आणि सोबत ताकद जात असेल तर तेल लावत बसू नका. एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी पुरे.

नागपूरला गाडी चालवत नेलं ते विलासनं, आणि आम्ही दोघं तेव्हा एकमेकांशी बोलत नव्हतो.

त्याचं कारण माझी मतं. मला प्रत्येक गोष्टीवर मत असतं आणि ते लगेच सांगावंसं वाटतं. गावात कुणी म्हणालं, "मॅडम, चंद्रावर पानी भेटलं त आमच्या बोडीले त्याचा काय फायदा?" की मी रस्त्यात सायकल थांबवून पंधरा मिनिटं अंतराळ संशोधनाची बाजू मांडायची. बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, पाणी राहत नाही याचा राग चंद्रावर काढू नका, असं म्हणायची. मोबाईलबद्दल माझं मत होतं की त्यानं माणसं आंधळी झाली आहेत. आणि युद्धाबद्दल? टीव्हीवर कुठल्याशा देशातली लढाई चालू होती, आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी झेंडे, कुणी तोफा पाठवत होतं. मी लिहिलं, 'लढाई हे मूर्खांचं काम आहे, आणि टाळ्या वाजवणारे त्याहून मूर्ख.' विलासनं ग्रुप सोडला. दोन महिने आमचं बोलणं बंद. पवनी ते नागपूर एवढ्या रस्त्यात तो एवढंच बोलला, "पाय वर घे, ताई." आणि मला पाय वर घेता येत नव्हता.

भरती झाल्यावर खात्रीसाठी दोन तपासण्या झाल्या. लंबर पंक्चर म्हणजे कमरेच्या मणक्यांमधून सुईनं थोडं पाणी काढून तपासणं. नाव ऐकून वाटतं तेवढं दुखत नाही. दुसरी नर्व्ह कंडक्शन स्टडी, म्हणजे नसांना बारीक झटके देऊन निरोप किती वेगानं जातो ते मोजणं. मी सवयीनं तंत्रज्ञाला विचारत होते, वेग किती आला, किती असायला हवा? तो म्हणाला, "मॅडम, हलू नका." मी हलूच शकत नव्हते.

औषध सुरू झालं. इम्युनोग्लोब्युलिन, पाच दिवस शिरेतून. मी विचारलं, हे कशापासून बनतं? तोपर्यंत आवाज घोगरा झाला होता. डॉक्टर म्हणाले, "हजारो लोकांनी दिलेल्या रक्तातल्या द्रवापासून. एका बाटलीत हजारो माणसं आहेत असं समजा."

त्या दिवशी एका श्वासातले आकडे नऊवर आले. संध्याकाळी सहावर. मग त्यांनी घशातून नळी घातली आणि मला व्हेंटिलेटरवर, श्वास देणाऱ्या यंत्रावर ठेवलं.

आयसीयूबद्दल लोक विचारतात, झोपून होतीस ना? नाही. मी जागी होते. सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं. नाकावर खाज सुटली तर ती सुटलेलीच राहायची. उशीची एक घडी कानाखाली रुतायची आणि मी दोन तास त्या घडीचाच विचार करायची. हात-पाय दगडासारखे, आणि आत मात्र माणूस खोलीभर येरझाऱ्या घालतो आहे. कुणी भेटायला आलं की म्हणायचं, "लढा मॅडम, हरायचं नाही." मला ओरडावंसं वाटे, कशानं लढू? करंगळी हलत नाही माझी! आजारपणाला लढाई म्हणू नये, हे माझं मत तिथं पक्कं झालं आणि ते आजही तसंच आहे. मी काही जिंकले नाही. मी पडून होते आणि नसांवरचं आवरण आपल्या चालीनं परत येत होतं. कुणाला भेटायला गेलात तर 'लढा' म्हणू नका. नाकाला खाज आहे का ते विचारा.

दुसरं मत बदललं ते यंत्रांबद्दल. वर्गात मी सांगायची, यंत्र माणसाला परावलंबी करतं. आता एक यंत्र माझा श्वास घेत होतं. पण त्याला काय कळत होतं? कफ साचला की ते नुसतं किंचाळायचं. ते किंचाळल्यापासून सरिता सिस्टर येईपर्यंतचे जे काही क्षण असत, तेवढं लांब मी काही पाहिलं नाही. या सिस्टर तुमसर तालुक्यातल्या बपेऱ्याच्या, मध्य प्रदेशाला लागून, त्यामुळे बोलणं अर्धं हिंदी. "हो गया, हो गया बाई, आली मी," म्हणत त्या नळीनं कफ ओढून काढायच्या. यंत्रानं हाक मारायची आणि माणसानं धावत यायचं. तंत्रज्ञानाबद्दल इतकी वर्षं बोलत होते, त्यात धावत येणारं माणूस मी कधी धरलंच नव्हतं.

बारा दिवसांनी ट्रॅकिऑस्टॉमी केली, म्हणजे तोंडातली नळी काढून गळ्याला छोटं छिद्र करून तिथून बसवली. तोंड मोकळं झालं, पण आवाज नाही. विलासनं कुठूनतरी डोळ्यांच्या हालचालीवर अक्षरं उमटवणारा टॅब आणला. उजेड बदलला की तो अडायचा. प्रभाकर सहकारी संस्थेत हिशेबनीस, त्यांना रकाने आखायची सवय. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यांनी त्यावर क, ख, ग ओळीत लिहिले, खाली काना-वेलांट्या. ते बोट फिरवायचे, बरोबर अक्षर आलं की मी डोळे वर करायची.

माझं पहिलं अक्षर 'ट' होतं. मग वेलांटी.

"टिफिन?" प्रभाकरनी विचारलं. "भूक लागली?"

मी डोळे खाली ठेवले.

"टिटवी?"

नवऱ्यानं आजारी बायकोला टिटवी म्हणून विचारावं याचा मला इतका राग आला की नाडी वाढून मॉनिटर वाजायला लागला. शेवटी वाक्य पूर्ण झालं: टीव्ही बंद करा.

मला तोवर दुसऱ्या कक्षात हलवलं होतं. तिथं भिंतीवरच्या टीव्हीवर दिवसभर लढाई. नकाशा, लाल बाण, आरडाओरड. माझ्या मागे श्वासाचं यंत्र आणि समोर पडद्यावर चार माणसं अजून किती बॉम्ब टाकायला हवे होते ते सांगत होती. विलास उठला, टीव्ही बंद केला. शेजारच्या रुग्णाचे नातेवाईक म्हणाले, "काहून बंद केला जी? बातम्या पाहून राहिलो आम्ही."

"मी फौजी हाओ," विलास म्हणाला. "मले विचारा काय विचाराचं ते."

नातेवाईक आपल्या रुग्णाकडे वळले.

प्रभाकर जेवायला गेले तेव्हा विलास माझ्याजवळ स्टूल ओढून बसला. त्यानं गळ्यातल्या नळीकडे पाहिलं. मग बोलायला लागला. कदाचित मी मध्ये बोलू शकत नव्हते म्हणूनच बोलला असेल.

"आमच्या गाडीतला एक जण गेला, ताई. मी ड्रायव्हर होतो. त्याची पेटी भराचं काम मलेच सांगितलं. कपडे, दाढीचं सामान, फोटो. अन् फोन. तो फोन वाजून राहिला होता. वर नाव 'घर'. घरी अजून कळवलं नव्हतं, अन् उचलाचा हुकूम नव्हता. बंद होये, फिरून वाजे. मी तसाच पेटीत ठेवला. पेटीतून वाजे."

त्यानं नाक पुसलं.

"तू लिहिलं, लढाई मूर्खाईचं काम. तूच बरोबर असशीन. मले तरी कुठं लढाई पायजे? पन मी मूर्ख नोहतो, ताई. मी कामावर होतो."

माझ्याकडे उत्तरं होती. खोटं कशाला सांगू, त्या अवस्थेतही तीन उत्तरं तयार झाली, तिन्ही चांगली होती. मी तुला म्हटलं नव्हतं. मी हुकूम देणाऱ्यांना म्हटलं होतं. युद्ध नसतं तर तो फोन उचलता आला असता. पण एकेक अक्षर डोळ्यांनी वेचायचं असलं की माणूस वाक्य निवडून घेतो. मी पुठ्ठ्याकडे पाहिलं. त्यानं बोट फिरवलं. न. व. मध्ये काना.

"नाव? त्याचं?"

मी डोळे वर केले.

"बलबीर," विलास म्हणाला, आणि मग त्यानं मला बलबीरबद्दल तासभर सांगितलं. तो गाडीत गाणी किती बेसूर म्हणायचा, त्याला भाताचा किती कंटाळा होता. माझा भाऊ एवढं कधी बोलल्याचं मला आठवत नाही. किंवा मीच कधी एवढं गप्प नसेन.

पाचव्या आठवड्यात उजव्या हाताचा अंगठा हलला. मग श्वास आपला आपण. गळ्याचं छिद्र बंद झालं आणि आवाज आला तो एखाद्या अनोळखी म्हातारीचा. शाळेतल्या मुलांनी फोनवर आवाज पाठवले होते, 'मॅडम, लवकर या, नवीन सर फार लिहायला लावतात.' मोबाईलला शिव्या देणारी मी तो उशीवर ठेवून एकच आवाज पुनःपुन्हा ऐकत होते.

उभं राहायला शिकवलं फिजिओथेरपीवाल्या तरुण मुलीनं. पहिल्या दिवशी दोघांनी धरूनही पाय कणकेसारखे वाकले. मी रडले. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही विज्ञान शिकवता ना? अंतराळवीरसुद्धा परत आल्यावर असेच होतात. त्यांनाही धरून बाहेर काढावं लागतं." मला लाज वाटली. वजनरहित अवस्था शिकवताना मी मुलांना कोलांटउड्या मारणारे अंतराळवीर दाखवायची, मुलं टाळ्या वाजवायची. परत आल्यावर खुर्चीत बसवून नेलं जातं तो भाग मी कधी दाखवला नाही. त्यांच्या स्नायूंचं काय होतं हे मी वाचलेलं होतं, पण त्यावर कधी थांबले नव्हते.

घरी येऊन आता बराच काळ झाला. उजव्या पायाला आधाराची पट्टी आहे. तळव्यांची आग संध्याकाळी वाढते. डॉक्टर म्हणतात, राहिलेलं भरून यायला वर्ष लागेल, कदाचित थोडं उरेलही. शांत झाले आहे का? नाही. अजूनही पेपर वाचताना पाय आपटावासा वाटतो, आणि आपटता येतो याचा आनंदही होतो. पण कधी कुणावर चिडले की त्या बाटलीतली हजारो माणसं आठवतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणांची मतं मला असह्य झाली असती. तोफा पाठवणारेही असतील त्यांच्यात, पृथ्वी सपाट आहे म्हणणारेही. त्यांचं रक्त माझ्या उपयोगी पडलं. त्या सगळ्यांचे आभार मानायला माझ्याकडे पत्ता नाही, म्हणून इथं मानते.

रोज संध्याकाळी विलास मला वैनगंगेच्या घाटापर्यंत चालवत नेतो. काल तिथं पायरीवर बसलो होतो. तो म्हणाला, "मंगळावर मानसं पाठवून राहिले म्हनते. कायले, ताई? इथं का जागा कमी पडली?"

मी बोलायला लागले. समुद्र ओलांडणाऱ्या पहिल्या माणसांपासून सुरुवात केली आणि अर्ध्यात मला धाप लागली. पूर्वी मी अशी मध्येच अडले असते तर विलासनं विषय संपवून टाकला असता, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. तो नदीकडे पाहत होता. माझा श्वास जागेवर येईपर्यंत त्याला घाई नव्हती.

"हं," मग तो म्हणाला. "पुढं सांग."