आत्याबाईंच्या खाटेवर

लाँड्रीत सहा दिवस उभ्यानं इस्त्री करणाऱ्या बाईला सुट्टीच्या दिवशी आत्तेसासूबाईंकडे जायचं अगदी जिवावर आलं होतं. पण त्या पाय मोडून अंथरुणाला खिळल्या होत्या आणि त्यांनी हिची दीड वर्षांची पोरगी अजून पाहिली नव्हती. बसमध्ये पोरगी आईच्या अंगावर ओकली आणि मग रडून तिनं अख्खी बस डोक्यावर घेतली. नवरा खुशाल घोरत होता.

घरात शिरताच पोरगी आईला जी चिकटली, ती सुटेचना. "फार लाडावून ठेवलंय हो," आत्याबाईंची सून म्हणाली. थकलेली बाई पोरीला घेऊनच आत्याबाईंच्या खाटेच्या कडेला टेकली.

आत्याबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्या कण्हतच भिंतीकडे सरकल्या. "आडवी हो जरा."

"अहो, मी तुम्हाला बघायला आलेय."

"मी कुठे पळून जातेय? झोप."

तिला जाग आली तेव्हा नवरा परत निघायला पिशव्या घेऊन दारात उभा होता. पोरगी आत्याबाईंच्या कुशीत बसून त्यांचा चष्मा चावत होती. बाई ओशाळली. "एक शब्दही बोलले नाही मी तुमच्याशी."

"पुढच्या वेळी बोल," आत्याबाई म्हणाल्या, "नाहीतर परत झोप."