रॉजर, मॅडम

तीस वर्षं मी चामराजपेटच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, आता वैमानिकांचं इंग्रजी तपासते. सिम्युलेटरच्या कॉकपिटमध्ये त्यांच्या मागे बसायचं आणि हेडफोनवरून कंट्रोल टॉवर होऊन बोलायचं, हे माझं काम. उच्चार कसेही असोत, मला चालतात. पण न कळलेलं कळल्यासारखं दाखवणारा माझ्या तावडीतून सुटत नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

मागच्या वर्षी नागपूरचा एक मुलगा आला. पास व्हायला लागणारी चौथी श्रेणी मिळाली नाही तर को-पायलटची हातातली नोकरी जाणार होती. या कानडी मुलखात मराठी ऐकून मी सैलावले. कॉफी पाजली, घरची चौकशी केली. तो लगेच काकू म्हणायला लागला.

आत गेल्यावर मी नेहमीची खोडी काढली. तोंडावर रुमाल धरून मुद्दाम काहीतरी अगम्य सूचना पुटपुटले. त्याने इंग्रजीत ‘पुन्हा सांगा’ एवढंच म्हणायला हवं होतं. तो अदबीने म्हणाला, “रॉजर, मॅडम.” म्हणजे कळलं. कपाळ कळलं! मी तीन लिहिले.

बाहेर आल्यावर विचारलं, “कळलं नव्हतं ना?”

“नव्हतं ना, काकू. पण मोठ्यांना परत परत कसं विचारायचं?”

त्याचा राग आलाच, पण स्वतःचा जास्त आला. कॉफी पाजून टॉवरची काकू मीच केली होती. तरी नापास म्हणजे नापास. कंपनीने त्याला शेवटची एक संधी दिली.

महिन्याभराने तो परत आला, तेव्हा मी मराठीत चकार शब्द काढला नाही. आत पुन्हा रुमाल धरला. मग आवाज आला, “से अगेन.” मी आणखी पुटपुटले. “से अगेन, स्लोली.” तिसऱ्यांदा तर त्याने मलाच सुनावलं: तुमचं बोलणं समजत नाही, समजेपर्यंत मी विमानाची उंची बदलणार नाही. वर्गात असं कुणी बोललं असतं तर बाकावर उभं केलं असतं. इथे मी चार लिहिले, आणि फार आनंदाने लिहिले.

जिन्याखाली तो पाया पडायला वाकला. मी आशीर्वाद तोंडातल्या तोंडातच पुटपुटले.

तो तसाच वाकून राहिला. “काकू, कळलं नाही. परत सांगा.”

मी परत दिला, स्पष्ट आवाजात.