सरकारला दिसणारा पंप

माझ्या धाकट्या भावाचा सरकारवर जेवढा विश्वास आहे, तेवढा स्वतःच्या बायकोवर नाही. हे मी त्याला तोंडावर बोललेलो आहे, बायकोच्या देखत बोललेलो आहे, तेव्हा इथं लिहायला माझी काही हरकत नाही. मी चौथीपर्यंत शिकलो. भाऊ दहावीला बसला होता. बसला होता एवढंच म्हणतो, उठला कसा ते विचारू नका. सरकारचं काम कोणतं आणि लोकांचं कोणतं, यावर आमचा वाद तेव्हापासून चालू आहे आणि त्यात अजून कोणी हरलेलं नाही.

आमची विहीर एकच. बापानं खोदली. वाटणीत जमीन तुटली, विहीर काही तुटत नाही, म्हणून ती दोघांत राहिली. मोटर माझी, आणि विजेचं कनेक्शन बापाच्या नावाचं. बाप जाऊन इतकी वर्षं झाली, पण वीज अजून त्यांनाच येते. पाण्याची पाळी ठरलेली, एक आठवडा माझा, एक त्याचा. पाळीवरून आमचं कधी भांडण झालं नाही. भांडायला आधी लाइन तर यायला पाहिजे.

वाद व्हायचे ते कामरगावच्या बाजारात, चहाच्या हॉटेलात. भाऊ म्हणायचा, भाव सरकारनं ठरवावा, खत सरकारनं द्यावं, वीज सरकारनं द्यावी. मी म्हणायचो, सरकारनं दिवसा लाइन द्यावी आणि घरी जाऊन झोपावं.

"तुह्यं बिल कोन भरते, दादा?" त्याचा हा प्रश्न ठरलेला.

"मी अर्ज केलता काय, माफ करा म्हनून?"

"मंग भर ना."

"मागितलं तं भरीन. मागतच नाई, त्याले मी काय करू? घरी नेऊन देऊ?"

हॉटेलवाला हसायचा आणि चहाचे पैसे मात्र दोघांकडून घ्यायचा. तिथं माफी नव्हती.

मध्ये एकदा ग्रामपंचायतीत हवामानाची सभा झाली. साहेब गाडीतून आले. परत जाताना गाडी गार लागावी म्हणून ड्रायव्हरनं ती सभा संपेपर्यंत चालूच ठेवली. आत साहेब धुरानं पृथ्वी कशी तापते ते सांगत होते आणि बाहेर गाडी धूर सोडून त्यांना साथ देत होती. शेवटी साहेबांनी विचारलं, "मग तुम्ही यात काय कराल?" मी उभा राहिलो. म्हटलं, "साहेब, मी बाहेर जाऊन गाडी बंद करू काय?" लोक हसले, साहेबही हसले. भाऊ तेवढा हसला नाही. घरी येताना म्हणाला, "दादा, तुह्यं नाव लिहून घेतलं असन त्यायनं." त्याला असं कायम वाटतं की सरकार वर कुठंतरी बसून आपल्याकडे टक लावून पाहत आहे. मला तर उलटीच काळजी आहे.

पुढं त्यानं स्वतःच्या नावानं विजेचं कनेक्शन मागितलं. ऑफिसात सांगितलं, नवीन कनेक्शन आता नाही, सोलर घ्या. भाऊ आनंदानं घरी आला, जसं काही यानं मागितलं होतं तेच दिलं. मग गाडी आली, लोखंड आलं, काचेच्या प्लेटा आल्या, आणि विहिरीच्या त्याच्या बाजूला पंप बसला. भावानं नारळ फोडला. बसवणाऱ्यातला एक जण पेटीवर हात ठेवून म्हणाला, "काका, याच्यात सिमकार्ड आहे. पंप चालू आहे का बंद, ते मुंबईत दिसते. वापर नाही दिसला तर काढून दुसऱ्याला देतात, लक्षात ठेवा."

तो खरं बोलला की गंमत केली, देव जाणे. भावानं ते मनावर घेतलं. मुलाच्या जन्माची तारीख त्याला आठवत नाही, पण हे वाक्य त्याला पाठ आहे.

झालं. ऊन पडलं की पंप चालू. हरभऱ्याला पाणी झालं तरी चालू, गव्हाला झालं तरी चालू. मग त्यानं पाइप नाल्याकडे वळवून दिला. आमचा कोरडा नाला भर जानेवारीत वाहायला लागला. बगळे आले. लोक रस्त्यावरून जाताना थांबून पाहायचे. हवामान बदललं म्हणतात ते हेच असावं, असं मला वाटलं.

मी हसत होतो तोपर्यंत ठीक होतं. पण माझी संत्र्याची झाडं तेव्हा ताणावर होती. संत्र्याचं असं असतं की हिवाळ्यात त्याचं पाणी तोडायचं, झाडाला तहान लावायची, पानं मलूल होऊ द्यायची. मग ताण तोडायला पहिलं पाणी हलकं द्यायचं आणि त्याच्यामागून दुसरं भरपूर. त्या दुसऱ्या पाण्यावर बहर उभा राहतो. पहिलं देऊन दुसरं चुकवलं तर निघालेली कळी खाली आणि वर्ष गेलं. पहिलं पाणी मी दिलं होतं. दुसऱ्यासाठी मोटर लावली तर ती हवा ओढायला लागली. आठवडाभर लाइन दुपारची होती, आणि दुपारपर्यंत भावाचा पंप विहीर धुऊन पुसून ठेवत होता.

मी विहिरीवर गेलो. भाऊ प्लेटा पुसत होता, देवघर पुसावं तसा.

"हा बंद कर."

"बंद नाई करता येत, दादा."

"काहून? बटन नाई दिलं काय सरकारनं?"

"बटन आहे. पन बंद केला की मुंबईत बंद दिसते. चार दिवस बंद दिसला तं म्हन्तीन, याले गरज नाई, आना काढून."

"म्हंजे तिथं एक मानूस बसला आहे, तुह्या पंपाकडे पाहत? जेवाले उठत नाई?"

"मानूस नसते. कम्प्युटर असते."

"अन नाल्यात पानी चाललं, ते त्या कम्प्युटरले दिसत नाई?"

"ते नाई दिसत."

"वा. बरं यंत्र आहे. जे पायजे ते दिसत नाई, बाकी सारं दिसते."

तो चिडला. "तुले सोलर पहिल्यापासूनच खुपते. धूर नाई, बिल नाई, लाइनची वाट पाहनं नाई. सूर्याचं आहे, फुकटचं आहे."

"सूर्य फुकट असन. पानी कोनाच्या बापाचं आहे?"

"आपल्याच!" तो ओरडला.

ते खरं होतं.

मी त्याला हात धरून बागेत नेलं. फांदी वाकवून कळी दाखवली, टाचणीच्या डोक्याएवढी. म्हटलं, "उद्यापर्यंत पानी नाई लागलं तं हे सारं गळते." या झाडांचे खड्डे त्यानंही माझ्याबरोबर खोदले होते. तो कळीकडे पाहत राहिला, आणि मग आवाज खाली आणून बोलला. "मी काय करू, दादा? सारी उमर तुह्या मोटरीकडे पाहून काढली. तू लावशील तवा पानी. हे एक माह्या नावाचं आलं. हे नेलं तं मी पुन्हा तुह्याच मोटरीजवळ उभा राहू काय?"

मला वाटत होतं, आम्ही सरकारवरून भांडतो आहोत.

त्याची बायको धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, शेळीला पाला तोडत होती. मी तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडे भावसून भासऱ्याशी सरळ बोलत नाही. काही सांगायचं असलं की भिंतीला सांगते, लेकराला सांगते, त्या दिवशी शेळीला सांगितलं. डोक्यावरचा पदर ओढला आणि शेळीकडे तोंड करून म्हणाली, "काय वं, मुंबईले पंप चालू दिसला म्हंजे झालं ना? पानी कोनाच्या आळ्यात पडलं, ते तं दिसत नाई म्हन्तात. मंग नाल्यातल्या बगळ्यायले पाजन्यापरीस संत्र्याले पाजलं तं काय बिघडते?"

शेळीनं उत्तर दिलं नाही. एवढी वर्षं हॉटेलात बसून सरकार चालवणारे आम्ही, आता शेळीसमोर कोण आधी मान हलवणार?

भाऊच आधी हलला. नाल्यातला पाइप ओढत आणला. तो माझ्या बागेपर्यंत पुरेना, म्हणून मी फावड्यानं पाण्याचा दांड काढला आणि पाणी पहिल्या आळ्यात सोडलं. कोरड्या मातीनं ते असं ओढून घेतलं की आवाज आला. एकेक आळं भरत आम्ही पुढं सरकत गेलो, पाइप त्याच्या हातात, फावडं माझ्या. दुपारी लाइन आली. लाइन आलेली पाहूनही मी मोटर लावली नाही, असं जन्मात पहिल्यांदा झालं. शेवटची ओळ दुसऱ्या दिवशी भिजली.

आता पंप रोज चालतो, मुंबईची काही तक्रार नाही. पाळी पहिल्यासारखीच आहे, फक्त आठवडा बदलला की पाइपाचं तोंड बदलतं. बगळे गेले. मी सोलर मानतो असा अर्थ कोणी काढू नये. मी माझ्या वाट्याचं पाणी घेतो, ते वर कशानं आलं त्याची चौकशी करत नाही.

बहर फुटला तेव्हा वास रस्त्यापर्यंत गेला. भाऊ धुऱ्यावर येऊन उभा राहिला. मला माहीत होतं तो काय विचारणार.

"मंग? सरकारनं केलं का नाई काही?"

"प्लेटा सरकारच्या, ऊन सूर्याचं, विहीर बापाची अन अक्कल तुह्या बायकोची. याच्यात तू कुठी आहे, ते सांग."

"मी पाइप धरला ना," तो म्हणाला.

तेवढं मी मान्य केलं.