न दुखणारी जागा

जगातले सगळे कपडे उभ्या माणसासाठी शिवलेले असतात. पट्टा, खिसा, शर्टाची लांबी, सगळं शिंप्याने समोर उभा माणूस धरून बेतलेलं. बसलेल्याने त्यात आपलं काय ते भागवून घ्यावं. रॉयस टटलने हे इतक्यांदा ऐकवलं होतं की त्याची पहिली चार अक्षरं कानावर आली की त्याची बायको नेल्डा भांडी घासायला उठायची.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. रॉयस पूर्वी पवनचक्क्यांवर चढून त्यांची दुरुस्ती करायचा. एका उन्हाळ्यात धान्याच्या कोठारावरून पडला, कणा मोडला, आणि कमरेखालची सगळी जाणीव गेली. आता घराच्या बाजूच्या शेडमध्ये तो गवत कापायची यंत्रं आणि करवती दुरुस्त करत असे. हात तेच, डोकं तेच, जीभ पहिल्यापेक्षा थोडी जास्तच धारदार. बदललं होतं एवढंच, की दिवस व्हीलचेअरवर जायचा आणि पिस्तूल ठेवायला अंगावर जागा उरली नव्हती.

ओक्लाहोमाच्या त्या भागात पिस्तूल बाळगणाऱ्याला कोणी विचारत नाही, का म्हणून. उलट एखाद्याने घरी ठेवलं तर लोक विचारतात, बरं वाटत नाही का. रॉयसच्या उजव्या कमरेला ते विशीपासून असायचं, शर्टाखाली झाकलेलं. पडल्यावर डॉक्टर, सासू, पाद्री अशा सगळ्यांनी त्याला सांगून पाहिलं की आता हा नाद सोड. ते ऐकून तो जास्तच हट्टाला पेटला.

खरं कारण त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. कॅफेत वाढणारी पोरगी त्याच्या डोक्यावरून नेल्डाला विचारायची, "यांना काय आणू?" बँकेच्या दारात कोणीही अनोळखी माणूस न विचारता मागून खुर्ची ढकलायला लागायचा, वर "देव तुमचं भलं करो" म्हणायचा. रॉयसला त्या क्षणी शर्टाखालच्या वजनाचा आधार वाटे. ते कोणावर रोखायची त्याला इच्छा नव्हती, आयुष्यात कधी रोखलंही नव्हतं. पण ते तिथे आहे तोवर आपण पूर्वीचाच माणूस आहोत, एवढं त्याला पुरायचं. नेल्डाला हे न सांगता कळलेलं होतं, म्हणून तिने पिस्तुलाला कधी नावं ठेवली नाहीत. ती वैतागायची ती कपाटाच्या खणावर.

त्या खणात होल्स्टरं होती, पिस्तूल अंगावर बांधायची नाना तऱ्हेची म्यानं. कमरेचं होल्स्टर खुर्चीच्या बाजूच्या पत्र्यात अडकायचं. पिस्तूल काढायचं तर आधी अर्धं अंग उजवीकडे कलंडून घ्यावं लागे, आणि तोवर चोर घरी जाऊन जेवला असता. पोटापुढे लावलं तर खाली पडलेला नट उचलायला वाकताच मूठ बरगड्यांत घुसायची. काखेतलं बरं वाटलं, पण दिवसभर चाकं ढकलणाऱ्याच्या काखेत ते इतकं घासलं की आठवडाभर तो पंख पसरलेल्या कोंबड्यासारखा फिरत होता. पोटाला बांधायचा रुंद पट्टा आणला, तर तिथल्या ऑगस्टच्या उकाड्यात त्याखाली घामाचं तळं. शेवटी सीटखाली पिशवी लावली. एकदा शेतकऱ्यांच्या को-ऑप दुकानाच्या दारात तो गाडीत चढून बसला आणि रिकामी खुर्ची कोणीतरी मदत म्हणून दुकानात नेऊन ठेवली, पिशवीतल्या भरलेल्या पिस्तुलासकट. नेल्डा तिथेच त्याला म्हणाली, "अंगावर ठेवायचं तर अंगावर ठेव. खुर्चीला नाही. खुर्ची काय, कोणीही नेतं." ते त्याला पटलं, आणि म्हणूनच तो जास्त चिडला.

सकाळच्या कॉफीच्या टेबलावर उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची कमी नव्हती. त्यांत पहिला डब पिकेट, रॉयसचा शाळेपासूनचा मित्र, ज्याने खुर्चीत बसून कधी पाच मिनिटं काढली नव्हती.

"अरे, पायाला बांध ना, घोट्याला," डब म्हणाला.

"आणि वेळ आली की चोराला सांगू, भाऊ, जरा माझा पाय वर उचलून दे?"

"मग टोपीत ठेव."

"तुझ्या टोपीत ठेवतो. तिथे जागा रिकामीच आहे."

टेबल हसलं. रॉयसही हसला, पण घरी येताना चाकं जरा जोरातच ढकलत होता.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ज्याला कमरेखाली जाणीव नाही, त्याला टोचलेलं कळत नाही. तुम्ही-आम्ही खुर्चीत नकळत दहादा कूस बदलतो, कारण अंग कुरकुरतं. रॉयसचं अंग कुरकुरत नसे. काही वर्षांपूर्वी गादीची शिवण एका जागी दबून राहिली आणि बेडसोर, म्हणजे सततच्या दाबाने पडणारी जखम, झाला; तो हाडापर्यंत गेला. तेव्हा जवळजवळ वर्षभर तो पालथा पडून होता. शेड बंद, गिऱ्हाइकं दुसरीकडे, आणि हा उशीत तोंड खुपसून भिंतीशी भांडतोय. सुटी देताना डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "पुन्हा असं झालं तर मांस कापावं लागेल, आणि मग बसणं किती उरेल याची हमी मी देणार नाही." बसता येणं, एवढंच आता त्याच्याजवळ होतं. ते गेलं की शेड गेली, कॉफी गेली, गाडी गेली.

म्हणून नेल्डा रोज रात्री बॅटरी घेऊन त्याची पाठ, कुल्ले, टाचा बघायची. गेल्या हिवाळ्यात एका रात्री रॉयसने तिचा हात बाजूला केला.

"पुरे झालं. मी आरशात बघत जाईन."

"आरशात तुला काय दिसणार आहे?"

"मला बायको हवीय गं. नर्स नकोय."

नेल्डाने बॅटरी खाली ठेवली. तिला ते लागलं, आणि आवडलंही. त्या दिवसापासून तिने बघणं बंद केलं.

वसंतात रॉयसला जागा सापडली. गावातल्या खोगीरवाल्याकडून त्याने एक चपटं कातडी होल्स्टर शिवून घेतलं, जे ढगळ पँटच्या आत डाव्या मांडीला वरच्या बाजूला बांधायचं. मांडी आणि खुर्चीचा पत्रा यांच्यात ते असं चपखल बसायचं की शोधूनही दिसू नये. खिसा आतून उसवून घेतला, म्हणजे हात घातला की मूठ हातात. घासणं नाही, घाम नाही, टोचणं नाही. संध्याकाळी काढताना आठवण व्हायची की अरे, हे दिवसभर अंगावर होतं.

"इतका आराम," तो कॉफीच्या टेबलावर म्हणाला, "की असून नसल्यासारखं."

डबने ते सगळ्या गावाला सांगितलं. मी तर म्हणेन, तिथेच कोणीतरी कपाळावर हात मारायला हवा होता. असून नसल्यासारखं! त्याची मांडीच त्याला असून नसल्यासारखी होती. पण त्या टेबलावर सगळे उभ्यानं विचार करणारे, आणि रॉयस आनंदात होता. आनंदात असलेल्या माणसाच्या वाक्याचा अर्थ कोण तपासतो?

त्यात त्याला शिष्या भेटली. खुर्चीची चाकं बदलायला तो शहरात गेला, तेव्हा तिथे ट्विला ब्रॅनम नावाची बाई थांबली होती. शाळेची बस चालवायची, अपघातात तिचीही कमरेखालची जाणीव गेली, तरी गावाबाहेर एकटीच राहून शेळ्या पाळत होती. तीही त्याच प्रश्नाने टेकीला आली होती.

"एवढ्या आडरानात एकटी आहे मी," ती म्हणाली. "पिस्तूल टेबलावर असतं आणि मी दुसऱ्या खोलीत. काय उपयोग?"

आजवर रॉयसला सगळ्यांनी सल्ले दिले होते. त्याला कोणी सल्ला विचारला नव्हता. पुढच्याच आठवड्यात त्याने खोगीरवाल्याकडून दुसरं होल्स्टर करून तिला टपालाने पाठवलं. तिचा फोन आला, इतकं सुख आहे म्हणाली. तो दिवसभर शीळ घालत होता.

मे महिन्याचा शेवट, गवत माजलेलं, शेडमध्ये यंत्रांची रांग. रॉयस आंघोळीच्या बाकावर होता आणि टॉवेल खाली पडला. त्याने हाक मारली. नेल्डा टॉवेल घेऊन आत आली आणि दारातच थांबली.

"ते काय आहे?"

"कुठे?"

ती गुडघ्यावर बसली. डाव्या खुब्याच्या हाडावर तळहाताएवढा लाल चट्टा होता, एका बाजूला होल्स्टरची शिवण टाक्यांसकट उमटलेली. नेल्डाने अंगठा त्यावर दाबून धरला. लाली साधी असेल तर अंगठा काढल्यावर जागा पांढरी पडते आणि मग हळूहळू पुन्हा लाल होते. तिने अंगठा काढला. जागा पांढरी पडली नाही. तिने पुन्हा दाबलं, जास्त वेळ. रॉयस तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, कारण तिथलं त्याला दिसत नव्हतं, आणि कळतही नव्हतं.

"दुखलं नाही गं," तो म्हणाला.

"दुखेल कसं? तिथे मी तापलेला तवा टेकवला तरी तू मला मीठ मागशील!" तिचा आवाज चिरला. "आरशात बघत होतास ना?"

"उजवी बाजू दिसते नीट."

"आणि डावी?"

तो टॉवेल मांडीवर ओढून घ्यायला लागला.

"वर्षभर, रॉयस. वर्षभर मी तुला पालथं बघितलंय. तू रात्री उशीत रडायचास आणि मी झोपेचं सोंग घ्यायची. मला पुन्हा ते बघायचं नाहीये."

तिने त्याला पलंगावर पालथं घातलं. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, कातडी फुटलेली नाही, नशीब समजा; पण लाली पूर्ण जाईपर्यंत त्या बाजूवर बसायचं नाही, एक मिनिटसुद्धा नाही. ऐन हंगामात शेडला कुलूप. डब ही बातमी ऐकून धावत आला आणि उशाशी उभा राहून म्हणाला, "त्याखाली मऊ फडकं घातलं असतं तर—"

"डब," नेल्डा म्हणाली, "आणखी एक शब्द बोललास तर तुलाच त्याखाली घालेन."

तो गेल्यावर ती पलंगाच्या कडेला बसली. मग तिने विचारलं, "हे आणखी कोणाला शिकवलंयस?"

रॉयसने तोंड उशीत घातलं.

"रॉयस."

"ती बाई हुशार आहे. ती बघत असेल."

"तूही हुशार आहेस."

तिने फोन त्याच्या तोंडापुढे धरला. पूर्वी कधी एवढी लाज त्याला वाटली नव्हती. ज्या एका माणसाने त्याला शहाणा समजून विचारलं, त्यालाच आता सांगायचं की मी मूर्ख आहे, आणि माझ्या मूर्खपणाने तुमचंही वाटोळं केलं असेल. फोन लागला. मागे शेळ्या ओरडत होत्या.

"बाई, रॉयस टटल बोलतोय. ते होल्स्टर काढा. आत्ताच्या आत्ता."

"का हो? मी तर झोपतानाच काय ते काढते, इतकं छान—"

"माझं मांस सडायला आलं होतं त्याखाली. मला कळलंच नाही. तुम्हालाही कळणार नाही. काढा, आणि कोणाला तरी तिथे बघायला सांगा."

मग ट्विलाचा आवाज आला, पहिल्यापेक्षा बारीक.

"कोणाला सांगू? माझा हा खांदा मागे वळत नाही. आणि इथे आहे कोण?"

रॉयसला हिवाळ्यातली ती रात्र आठवली, बाजूला सारलेला तो हात आठवला. त्याने मान वळवून बायकोकडे पाहिलं. नेल्डाने सगळं ऐकलं होतं. तिने कपाटातून बॅटरी काढली आणि गाडीची किल्ली घेतली.

"पत्ता विचार," ती म्हणाली. "दार उघडं ठेव म्हणावं. आणि कुंपणाशी गाडी दिसली की गोळी झाडू नकोस म्हणावं."

रॉयसने जसंच्या तसं सांगितलं.

"पण येतंय कोण?" ट्विलाने विचारलं.

"माझी बायको," रॉयस म्हणाला. "ती बघेल."