कॉम्प्युटरपुढचं गाऱ्हाणं

माझ्या गेलेल्या बायकोचा आवाज जुन्या रेकॉर्डरमध्ये अडकला होता. तो रेकॉर्डर जुन्या विंडोजवरच चाले. कणकवलीच्या दुकानातल्या बाईने नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुन्या विंडोजचा आभासी कॉम्प्युटर चालू केला आणि रेकॉर्डर यूएसबीला जोडला. पण आतल्या कॉम्प्युटरला तो दिसेचना.

कानामागची पेन्सिल चावत ती म्हणाली, "बाहेरच्यान धरून ठेवल्यान. तेणी सोडल्याशिवाय आतल्याक गावाचो नाय."

मग देवळात घालतात तसं तिने हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा बाहेरच्या कॉम्प्युटरा, म्हाताऱ्याची वस्तू सोड आणि आतल्याच्या पदरात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी बोंबललो.

तिने बटण दाबून रेकॉर्डर आतल्याला जोडून दिला आणि आवाज लावला. आतून बायको कडाडली, "अवो, तुमी गप ऱ्हवा! आता मी बोलतंय."

बाई हसत सुटली. मी गप्प बसलो. उभ्या संसारात पहिल्यांदाच तिचं ऐकलं.