रिक्षाच्या टाकीतलं पेट्रोल

अन्याय माझ्या काकावर झाला. दोन हजार तीन सालच्या मे महिन्यात, शेवटच्या रविवारी, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, तुळिंजच्या नाक्यावर, भर गर्दीत. करणारा मी.

आमच्या समितीत पत्रक लिहायची हीच रीत आहे. आधी अन्याय कोणावर झाला, मग कधी, मग कोणी केला. गोलगोल लिहायचं नाही. चार वर्षं मी अशी पत्रकं लिहिली. पाण्याचे टँकर, तुंबलेली गटारं, रेशनवरचं रॉकेल. करणारा दर वेळी दुसराच कोणीतरी असायचा. त्यामुळे लिहिताना हात कधी अडखळला नाही.

काका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. तो जहाजावर इंजिनरूममध्ये होता. नालासोपाऱ्यात आमच्याच इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर तो आणि काकी राहतात. मूलबाळ नाही. ऐंशीच्या दशकात एका सफरीवरून येताना त्याने एक बगी आणली होती. रिमोटवर पळणारी, पण पोरांच्या सेलवाल्या गाड्यांसारखी नव्हे. दोन हात लांब, उचलताना कमरेत वाकायला लागेल इतकी जड, मोठे खाचांचे टायर, आणि मागे खरंखुरं पेट्रोलचं टू-स्ट्रोक इंजिन, दोरी ओढून सुरू करायचं. एका उन्हाळ्यात त्याने ती वाळलेल्या मिठागरात पळवली. मग तो पुन्हा बोटीवर गेला आणि बगी माळ्यावर गेली. तिथेच राहिली. मी लहानाचा मोठा झालो तो तिच्यावर टाकलेलं जुनं लुगडं बघत.

पुढे काकाला साखरेने घरी बसवलं. आधी डावा डोळा गेला. तो गेला त्याच महिन्यात त्याने स्टूल मागवलं आणि बगी खाली काढली. मला म्हणाला, "उजवा आहे तोवर हिला एकदा मिठागरात पळताना बघायचीय." काकी म्हणाली, आवाज तर ऐकूच येईल की नंतरही. तो म्हणाला, "आवाज आयुष्यभर ऐकला. जहाजात खाली बसून दुसरं काय केलं?"

एवढंच होतं. एक माणूस, एक डोळा, एक गाडी. बाकी या हकिकतीत काही नाही.

बगीची दशा वाईट होती. टायर हात लावताच तडकत होते. शॉकअब्सॉर्बरमधलं तेल गळून त्याचा डिंक झाला होता. कार्ब्युरेटरचा पडदा बिस्किटासारखा मोडला. दोन वर्षं आम्ही तिच्यावर खपलो. मी सुट्टीच्या दिवशी, काका रोज. सामान मिळेना, तेव्हा काकाने वसईच्या वाड्यांकडे मोर्चा वळवला. केळीवर, पानवेलीवर औषध फवारायला तिथे पाठीवरचे पंप असतात, त्यांचं इंजिनही टू-स्ट्रोकच. प्लग, पेट्रोलची नळी, ओढायची दोरी, सगळं त्या पंपांचं निघालं. एअर फिल्टरसाठी सोफेवाल्याकडून फोम आणला, कात्रीने कापला, तेलात भिजवून पिळला. मागचा आस वाकला होता, तो एका लेथवाल्याने नवा करून दिला आणि विचारलं, हे चालवून मिळणार काय. काका म्हणाला, "काही नाही. म्हणून तर करतोय."

आमच्या गॅलरीत माझ्या उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे पडलेले असत. काका ती पत्रकं उलटी अंथरून त्यांवर सुटे भाग मांडायचा आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहायचा: पुढचा उजवा, लांब स्क्रू, वायसर दोन. अक्षर दर महिन्याला मोठं होत गेलं. शेवटी शेवटी एका पानावर तीनच शब्द मावत होते. मी ते पाहत होतो.

पिस्टनची रिंग तेवढी कुठे मिळेना. ती त्याच्या जुन्या जहाजावरच्या एका मित्राने परदेशातून पाठवली, शेवटची शिल्लक होती म्हणे. मे महिन्यात रिंग बसली, इंजिन बांधून झालं. काकाने पेट्रोल स्वतः कालवलं. खोकल्याच्या औषधाची मोठी बाटली होती, तिच्यावर त्याने ब्लेडने दोन खुणा कोरल्या होत्या. खालच्या खुणेपर्यंत ऑइल, वरच्यापर्यंत पेट्रोल. दिसलं नाही तरी नखाला लागावं म्हणून कोरलेल्या. पंचवीसाला एक. मला त्याने बजावलं, की नवी रिंग आहे, पहिल्या दोनतीन टाक्या हिला मीच पाजणार, रेस द्यायची नाही, नवी सून आहे असं समजायचं. पुढच्या रविवारी मिठागरात जायचं ठरलं.

त्याच्या आधीच्या रविवारी आमचा मोर्चा होता. मुद्दा रॉकेलचा. रेशनवरचं रॉकेल चुलीपर्यंत न पोचता रिक्षांच्या टाकीत जातं, आणि बाया रांगेत उभ्या राहून रिकामे डबे घेऊन परततात. पत्रक माझंच. मोर्चाला माणसं जमत नव्हती हेही खरं. मला वाटलं, बगीवर एक फलक लावून ती पुढे पळवली तर निदान बघायला तरी लोक थांबतील. काका त्या आठवड्यात मुंबईला डोळ्यांच्या हॉस्पिटलात होता. मी काकीला सांगितलं, जरा दाखवायला नेतो. काकी म्हणाली, "त्याला विचारलंस?" मी म्हटलं, विचारलंय.

खोटं बोललो.

बगी एका ओढीत सुरू झाली. असा आवाज, की वाणी दुकानातून बाहेर आले. पोरं धावली, बाया हसल्या, मी रिमोट धरून पुढाऱ्यासारखा चालत होतो. पण ज्यांचं भाषण व्हायचं होतं ते उशिरा येणार असा निरोप आला, आणि गर्दी धरून ठेवायला मी बगी नाक्यावर गोल गोल फिरवत राहिलो. खोकल्याची बाटली संपली. आमच्या समितीतला एक रिक्षावाला शेजारी होता, मोर्चाला सगळ्यात पुढे असणारा, घोषणा देणारा. त्याला मी विचारलं. त्याने आपल्या टाकीत नळी घातली, तोंडाने ओढली, थुंकला, आणि बाटली भरून माझ्या हातात दिली. "ऑइल टाकलेलंच असतं रिक्षात, बिनधास्त घाल."

मीही तसंच समजलो. इथे सगळेच तसं समजतात. टू-स्ट्रोकला ऑइल लागतं, रिक्षात ऑइल असतं, संपलं. खुणेची बाटली हातात होती, पण तिच्यावरच्या खुणा कशासाठी आहेत हे मला त्या क्षणी आठवलं नाही. रिक्षात ऑइल निम्मंच घालतात, तेवढ्याने बगीचं भागत नाही. आणि रिक्षात पेट्रोलबरोबर आणखी काय असतं, ते तर मीच गावाला छापून वाटलं होतं.

दोन फेऱ्या झाल्या. आवाज बारीक झाला, तापलेल्या कढईत थेंब पडावा तसा तडतडला. मी रेस सोडायला हवी होती. लोक टाळ्या वाजवत होते, म्हणून वाढवली. मग एकदम करकरून बगी जागच्या जागी थांबली. मी दोरी ओढली. दोरी हलली नाही. दगडात अडकल्यासारखी.

आणि मग मी जे केलं ते लिहायलाच मी बसलोय. इंजिन बंद पडणं हा अपघात म्हणता येईल. मी भोंगा हातात घेतला आणि म्हणालो, बघा, भेसळीने काय होतं ते, हेच आपल्या रिक्षांचं होतंय, हेच आपल्या फुप्फुसांचं. मला खरं तेव्हा माहीत नव्हतं. सुचलं म्हणून बोललो. लोकांना आवडलं. त्या दिवशी सगळ्यात जास्त टाळ्या त्या वाक्याला पडल्या. बगी उन्हात फलकासकट उभी होती आणि तिच्या पुढे उभा राहून मी आणखी दहा मिनिटं बोललो.

दुपारी रिक्षावाल्याला विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "भाऊ, सगळेच टाकतात. मी नाही टाकलं तर घरी काय नेऊ?" मी त्याच्यावर ओरडलो. त्याला समितीतून काढा अशी मागणीसुद्धा मी केली. आता लाज वाटते. त्याने मागितलं तेवढं दिलं, आणि त्याला कोणी पंचवीसाला एक सांगितलं नव्हतं.

काका बुधवारी आला. काकी म्हणाली, "सांगायचं तूच. मी तोंड उघडणार नाही." मी सांगितलं. मोर्चा, बाटली, रिक्षा. भोंग्याचं नाही सांगितलं. त्याने पाना मागितला आणि चाचपत सिलिंडर खोलला. रिंगचे तीन तुकडे झाले होते. पिस्टन त्याने डोळ्याजवळ नेला, मग आणखी जवळ, मग नाद सोडला आणि त्यावरून नख फिरवलं. चरे नखाला लागत होते. खाली माझंच पत्रक अंथरलेलं होतं. या वेळी ते सुलटं होतं, ठळक अक्षरांत भेसळ असं छापलेलं. तो म्हणाला, "पुढारी, भाषण चांगलं झालं म्हणे. वाणी सांगत होता."

त्याला माहीत होतं.

तेव्हापासून मी फिरतोय. लेथवाल्याने सिलिंडर बघून परत दिला. आतून क्रोमचा थर असतो, तो घासून मोठा करता येत नाही, आणि भिंत इतकी पातळ की नवी नळी बसवावी तर फुटेल. फवारणीच्या पंपाचा सिलिंडर लावून पाहिला, बोल्टांचं अंतर जुळत नाही. सायबर कॅफेत बसून कंपनीला पत्र टाकलं. उत्तर दोन ओळींचं आलं, ते इंजिन बंद होऊन बरीच वर्षं झाली. वाड्यांमधून फिरलो, भंगारवाल्यांकडे बसलो, कामणपासून चिंचोटीपर्यंत ज्याच्या दारात जुनं यंत्र दिसलं त्याला विचारलं. एका म्हाताऱ्याने मला बसवून पाणी दिलं आणि विचारलं, एवढं कोणासाठी. सांगितलं तर म्हणाला, मग आधी का नाही विचार केलास. बरोबर विचारलं त्याने.

काकाचा उजवा डोळा आता सकाळी बरा असतो. दुपारनंतर त्याला माणसं सावलीसारखी दिसतात. डॉक्टर तारीख सांगत नाहीत, दिवाळीपर्यंत बघू म्हणतात. बगी गॅलरीत आहे, बाकी सगळी ठीकठाक. काका अजून रोज फिल्टर काढून धुतो, तेल लावतो, रिमोटचे सेल चार्ज करतो, पुढची चाकं उजवीडावीकडे वळवून बघतो. इंजिनाच्या जागी भोक आहे. मी एकदा म्हटलं, काका, राहू दे आता. तो म्हणाला, "तू तुझं काम कर."

माझं काम हे आहे. ते इंजिन बंद झालं, पण तेच इंजिन त्या काळी परदेशात गवत कापायच्या यंत्रांनाही लावत. लांब दांडा, टोकाला पातं, वर पाठीमागे छोटं इंजिन, दोरीवर सुरू होणारं. वसईत घरटी कोणीतरी गल्फला होता नाहीतर जहाजावर होता. असं यंत्र तुमच्यापैकी कोणाच्या तरी बापाने, मामाने, सासऱ्याने आणलेलं आहे. नारळाच्या सोडणांमागे किंवा माळ्यावर पडलेलं आहे, आणि तुम्हाला ते भंगार वाटतं.

मला सहानुभूती नको. काकालाही नको, तो हाकलून देईल. तुम्ही मोर्चाला आला नाहीत तरी चालेल. आज जेवण झालं की माळ्यावर चढा, लुगडं बाजूला करा आणि बघा. सिलिंडरवर चरे नसतील तर तुळिंजच्या रिक्षा स्टँडवर आणून द्या. कोणाकडेही द्या, त्या रिक्षावाल्याकडे दिलंत तरी तो पोचवेल. आणि दिवाळीच्या आधी द्या. नंतर दिलंत तर बगी पळेल, काकाला दिसणार नाही.